कार्बाईन हवी होती

२०२१ च्या जुलैत मी पेन्शनवर आलो. मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठरा वर्षं काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. धानोरीत भाड्यानं घर घेतलं, थोरल्याचं नाव शाळेत घातलं आणि तेवढ्यात एका सहकारी बँकेत गनमनची जागा असल्याचं कळलं. पगार ठीक, काम घरापासून वीस मिनिटांवर. अट एकच होती, लायसन आणि बंदूक स्वतःची पाहिजे.

मी तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं की घेतली तर आखूड कार्बाईन घ्यायची. नऊ एमएमची. हातात बसलेलं हत्यार सोडून माणूस दुसरीकडे का बघेल?

पलटणीत मी सिग्नल प्लाटूनला होतो. पाठीवर रेडिओ सेट, बॅटऱ्या, वर अँटेना. त्या ओझ्यावर रायफल झेपत नाही, म्हणून ऑपरेटरला कार्बाईन मिळायची. कानपूरला बनलेली १ए१, मूळ इंग्रजांची स्टर्लिंग. खांद्याला लागणारा दस्ता दुमडला की एकोणीस इंच, उघडला की सत्तावीस. रिकामी असताना वजन पावणेतीन किलोच्या आत. डाव्या अंगाला आडवी लागणारी वाकडी मॅगझिन, चौतीस गोळ्यांची. काडतूस पिस्तुलाचंच, ९ बाय १९, त्यामुळे खांद्याला धक्का असा बसतच नाही. शंभर मीटरच्या आत, जीपमधून उतरताना, दारातून आत शिरताना तिच्यासारखं हत्यार मी पाहिलं नाही. कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, सही करून घेतली की ती माझ्या छातीवर असायची आणि मी ती विसरून कामाला लागायचो. विसरता येतं, हाच तिचा मोठा गुण मला वाटायचा.

बँकेचं काम काय ते आधी बघून आलो. सकाळी शाखेच्या दारात उभं राहायचं आणि आठवड्यातून तीन वेळा मुख्य शाखेतून रोकड आणायला मारुतीच्या व्हॅनमध्ये बसायचं. आधीचे गनमन सांगलीकडचे, वय साठीच्या पुढे, गावी परत निघालेले. त्यांनी मला आपली दुनळी घेऊन व्हॅनमध्ये बसून दाखवलं. दस्ता पायाशी, नळी वर. दार उघडून उतरताना बंदूक आधी तिरकी करावी लागते, मग पाय, मग अंग. मी खिशात टेप घेऊन गेलो होतो. त्यांची बंदूक पंचेचाळीस इंच भरली. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता, एकोणीस.

लायसनची चौकशी करायला साधू वासवानी चौकाजवळच्या पोलीस आयुक्तालयात गेलो. धानोरी पुणे शहरात येते. माझा भाऊ दिघीत राहतो, त्याला पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयात जावं लागलं असतं, २०१८ पासून ते वेगळं झालंय. खिडकीवरच्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, नऊ एमएम विसरा. ते तुम्हाला इथून मिळणार नाही."

मी नियम मागवून वाचले. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे आताचे नियम २०१६ चे. आपोआप गोळ्या सुटत राहणारं हत्यार म्हणजे प्रतिबंधित शस्त्र, ते सामान्य माणसाच्या वाट्याला येतच नाही. पण माझी समजूत अशी होती की एकेक गोळी सुटणारी, आखूड, नऊ एमएमची कार्बाईन तरी चालेल. तीही नाही. सैन्याचं नऊ एमएमचं काडतूस ज्यात बसतं ती पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाईन यादीत सगळ्यात वरच्या वर्गात टाकलेली आहेत आणि त्या वर्गाचा परवाना दिल्लीतून, केंद्र सरकारकडून. काडतूस सैन्याचं आहे म्हणूनच बंदी. चोरीला गेलेली सरकारी गोळी खासगी हत्यारात चालू नये, हा त्यामागचा विचार. अठरा वर्षं एकेका गोळीचा हिशोब कोतमध्ये दिलेल्या माणसाला तो लगेच पटतो. मला पटला, पण वाईट वाटलं.

त्याच वर्षी जानेवारीत पेपरात 'अस्मि'चा फोटो आला होता. आपल्या पाषाणच्या एआरडीईनं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेनं, महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर तयार केलेलं नऊ एमएमचं मशीन पिस्तूल. तो फोटो मी कापून ठेवला होता. पुण्यात, माझ्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर हे बनतं याचा मला आजही अभिमान आहे. ते जवानांसाठी आहे आणि मी आता जवान नाही, एवढंच त्या खिडकीवर मला समजलं.

मग अर्ज. ऑनलाइन ए-१ फॉर्म, त्याबरोबर बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, डॉक्टरांचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. पोलीस ठाण्यातून चौकशीला हवालदार घरी आले, शेजारच्या काकूंना विचारून गेले, कपाट बघून गेले. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या हातात बंदूक द्यायची त्याला दहा वेळा तपासलंच पाहिजे. तक्रार आहे ती एका टेबलावर माझी फाईल चार महिने हरवून राहिली त्याची. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, "वर गेलीय" असं ऐकून परत यायचो. शेवटी ती दुसऱ्याच माणसाच्या फाईलला टाचलेली सापडली. तोवर बँकेनं जागा माझ्यासाठी धरून ठेवली, हे त्यांचे उपकार. लायसन हातात पडलं ते २०२२ च्या नोव्हेंबरात. पूर्वी तीन वर्षांचं असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालंय.

त्या सव्वा वर्षात माझं एकच काम चालू होतं, काय घ्यायचं याचा विचार.

रिव्हॉल्व्हर आधी डोक्यात आलं, कारण ते आखूड. कानपूरचं .३२, सहा गोळ्यांचं. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं तेही .३२ च, वजन अर्धा किलो. पण पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हे चालवायला सगळ्यात अवघड हत्यार आहे. खांद्याचा आधार नाही, नळी वीतभर, मनगट केसभर हललं की पंधरा मीटरवर हातभर चूक. कार्बाईनमध्ये काडतूस तेच पिस्तुलाचं असतं, पण दस्ता खांद्याला लागतो, नेम तिथे तयार होतो. त्यामुळे एकाची जागा दुसऱ्यानं भरत नाही. शिवाय बँकेला लांब हत्यार हवं होतं, दारातल्या माणसाला ते दिसलं पाहिजे म्हणून.

.३१५ ची रायफल चांगली, मजबूत. पण बाजारपेठेत तिचं काय करायचं? गोळी किलोमीटरच्या पुढे जाते. आमच्या शाखेसमोर रस्ता, त्यापलीकडे दवाखाना, त्यामागे शाळा. मागे मातीचा बांध नसेल तर गोळी सोडायची नाही, हे पहिल्या आठवड्यात उस्तादांनी शिकवलेलं. इथे बांध कुठेच नव्हता. .२२ ची गोळीही लहान दिसली तरी लांब जाते, आणि मुळात ते खेळातलं हत्यार. राहिली बारा बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी तिची नळी, साडेअठरा मिलिमीटर. तिच्यात बारीक छर्ऱ्यांचं काडतूस घातलं तर ते थोड्या अंतरात दम सोडतं. एलजी-एसजीचे मोठे छर्रे पुढे जातात, पण रायफलच्या गोळीसारखे नाहीत.

एका ओळखीच्या माणसानं सुचवलं, साधी बारा बोअर घे आणि नळी कापून घे, झाली तुझी कार्बाईन. मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. नळी वीस इंचांच्या खाली गेली की ती बंदूक त्या सगळ्यात वरच्या वर्गात जाते. आणि परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा कलम ६ खाली वेगळा गुन्हा आहे. असा सल्ला हौसेनं देणारे लोक बरेच भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

या सगळ्या काळात घरात बोलणं व्हायचंच. एका रात्री भाकरी थापता थापता बायकोनं विचारलं, "अहो, तुम्ही लांबी सांगता, वजन सांगता. घरात दोन पोरं आहेत. ती बंदूक रिकामी आहे हे मला कसं कळणार?"

मी म्हणालो, "मी सांगेन ना."

"तुम्ही सांगाल. पण मला कसं कळणार?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि त्या रात्री बऱ्याच वर्षांनी ती पहाट आठवली.

उत्तरेकडची एक चौकी, डिसेंबर, पहाटेचे चार. माझ्याबरोबरचा एक जवान संतरी ड्यूटीवरून उतरला. चांगला, शहाणा मुलगा. हत्यार खाली करायची जागा म्हणजे वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्याकडे नळी करायची आणि क्रमानं जायचं. आधी मॅगझिन काढायची, मग बोल्ट मागे ओढायचा, आत डोकावून बघायचं, मग खटका दाबून बोल्ट हळू पुढे सोडायचा. कार्बाईनचा बोल्ट मागे उभा असतो, तो पुढे जातानाच मॅगझिनमधली गोळी उचलतो, नळीत ढकलतो आणि काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आपटतो. दुसरा कुठला घोडा नाही, कुलूप नाही, एक जड लोखंडी ठोकळा आणि त्यामागे स्प्रिंग. हातात जाड मोजे, डोळ्यांत झोप, त्यानं मॅगझिन न काढताच बोल्ट ओढला आणि खटका दाबला. एकच गोळी सुटली. पोत्यात गेली, वाळू भळाभळा खाली आली. कुणाला काही झालं नाही, कारण नळी जिथे असायला हवी तिथेच होती. पण त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. मी त्याच्या मागे तीन पावलांवर उभा होतो, बघत होतो, आणि मलाही दिसलं नाही. मॅगझिन लागलेली आहे की नाही हे अंधारात माझ्या बाजूनं कळत नव्हतं. बोल्ट पुढे असलेली कार्बाईन बघून ती भरलेली की रिकामी, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. तिला ओळखणारी पलटण भोवती होती, उस्ताद होते, कोत होता, रोजचा जाँच शस्त्र, म्हणजे हत्यारांची तपासणी, होता, म्हणून ते चालून गेलं. धानोरीच्या दोन खोल्यांत यातलं काय होतं? मी आणि एक लोखंडी कपाट.

त्या रात्रीपासून मी इंच मोजायचं सोडलं. बायकोच्या प्रश्नाला जे हत्यार उत्तर देईल ते घ्यायचं, असं ठरवलं.

जानेवारीत कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात गेलो. शेठ वयस्कर, हातमागाचा कुडता, नाकावर चष्मा, बोलणं कमी. दुकानात जुन्या बंदुका बऱ्याच दिसत होत्या. २०१९ पर्यंत एका माणसाला तीन ठेवता यायच्या, मग दोनवर आलं, आणि वाड्यावाड्यांतली तिसरी बंदूक दुकानात येऊन पडली. आजोबांच्या शिकारीच्या काळातल्या. शिकार १९७२ च्या कायद्यानं थांबली, बंदुका भिंतीवर राहिल्या.

शेठनी पहिली काढली ती बर्मिंगहॅमची दुनळी. शंभर वर्षांच्या पुढची असेल. मी इतकं सुंदर हत्यार हातात घेतलं नव्हतं. अक्रोडाचा दस्ता मधासारखा, आणि नळ्यांवर पाण्यावर वारा उठल्यासारख्या लाटा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ घालून, एकत्र ठोकून केलेली ही दमास्कस नळी. शेठनी नळ्या सुट्या केल्या, बोटावर उलट्या टांगल्या आणि लाकडी पेन्सिलीनं हलकं टिचकवलं. घंटेसारखा नाद घुमला, सावकाश विरला. "ऐकलंत?" ते म्हणाले. "डाक कुठे सुटलेला नाही. दोन नळ्यांमधली पट्टी सुटली की नाद फुटका येतो, झांजेला तडा गेल्यासारखा." मग त्यांनी नळीच्या बुडाशी भिंग धरलं. परीक्षणाचे ठसे होते, पण नायट्रो प्रूफचा ठसा नव्हता. म्हणजे ती काळ्या दारूसाठी तपासलेली, आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिनं कधी सोसलेला नाही. शिवाय काडतुसाचं घर अडीच इंचांचं. आजचं पावणेतीन इंची, सत्तर मिलिमीटरचं काडतूस त्यात गुपचूप बसतं, कारण बंद काडतूस आखूड असतं. उडताना तोंड उघडतं तेव्हा त्याला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय असं समजून लोक हात गमावतात. शेठ म्हणाले, "फौजी, ही बघायची. तुम्हाला ड्यूटी करायचीय." विकणाऱ्यानं असं सांगावं, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

दुसरी पंप ॲक्शन, सरकारी कारखान्यातली. काळी, नवी, नळी आखूड, सगळी मिळून चाळीस इंचांच्या आत. खरं सांगतो, हिच्यावर माझं मन बसलं. खांद्याला लावली आणि नजर आपोआप नळीवरून पुढे गेली. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं, पुढचा मुठा मागे-पुढे केला की एक आत, एक बाहेर. शेठनी मला डमी काडतुसं दिली. मी भरली, चालवली, बाहेर काढली, मोजली. आणि मग हातातच ठेवून विचार केला. मुठा मागे ओढून घर रिकामं दिसलं तरी खालच्या नळकांड्यात एखादं राहिलं आहे का, हे वाकून, बोट घालून बघावं लागतं. ज्याला ठाऊक आहे तो बघेल. बायको बघू शकेल? बँकेतला शिपाई? मॅनेजर? त्यांना पुन्हा माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागला असता. मी ती परत काउंटरवर ठेवली. हात लगेच निघाला नाही.

तिसरी जम्मूच्या एका कारखान्यातली साधी दुनळी. बाहेर घोडे नसलेली, दोन खटक्यांची, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. नळ्या अठ्ठावीस इंची, घर सत्तर मिलिमीटरचं. दस्त्याचं लाकूड फिकं, नक्षी नाही. शेठनी हीही टांगून वाजवली. नाद त्या म्हातारीएवढा लांब नाही, पण स्वच्छ. बंद करून कानाशी हलवली, काही खडखडलं नाही. नळ्या आणि मागची भिंत यांत पातळ कागद धरून बंद केली, कागद घट्ट अडकला. मग मी वरची कळ अंगठ्यानं बाजूला सारली. बंदूक कमरेतून मोडली, नळ्या खाली झुकल्या, आणि दुकानाच्या दारातला उजेड दोन गोल चकत्यांसारखा आरपार दिसला. आत दोन पितळी टोप्या असत्या तर तो दिसला नसता. याहून सोपं काय असणार? पाच वर्षांच्या पोरालाही समजेल.

मी घरी फोन लावला, व्हिडिओवर. उघडलेली बंदूक उजेडाकडे धरली. "काय दिसतं?"

"रस्ता दिसतो. कुणाची तरी स्कूटर."

"मग ती रिकामी आहे."

"हां," ती म्हणाली, "आता कळलं."

बेचाळीस हजारांना ती घेतली. नंबर लायसनवर चढवला, पोलिसांत नोंद केली.

आखूडपणाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुनळीचे तीन तुकडे होतात. पुढची लाकडी पकड ओढून काढायची, नळ्या उचलून घ्यायच्या, मागे दस्ता उरतो. सगळ्यात लांब तुकडा अठ्ठावीस इंचांचा. माझी कार्बाईन दस्ता उघडून सत्तावीस होती, एक इंचाचा फरक. एका शिंप्याकडून जाड कॅनव्हासची आतून दोन कप्पे असलेली पिशवी शिवून घेतली, आतल्या बाजूला जुनं ब्लँकेट. मोपेडवर पायाशी ठेवून जातो, सिग्नलला शेजारच्या माणसाला काही कळत नाही. तुकडे केलेल्या बंदुकीतून कुणाला काही करताही येत नाही. घरात नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसं तिसऱ्या कुलपात. व्हॅनमध्ये मात्र अजूनही तिरकी करूनच उतरावं लागतं. त्याची सवय मी घरी जिन्यात रोज पन्नास वेळा चढून-उतरून केली, आता पाय आणि बंदूक बरोबर खाली येतात.

काडतुसं घेतली त्यांच्या बुडाशी 'केएफ' असं उठवलेलं होतं, खडकीची दारूगोळा फॅक्टरी. १८६९ पासूनची. तिच्या भिंतीच्या कडेनं मी रोज शाखेला जातो, आणि पलटणीतही याच ठशाच्या गोळ्या मोजून घेतल्या होत्या. २०२१ मध्ये, मी बाहेर पडलो त्याच वर्षी, ती म्युनिशन्स इंडिया या नव्या सरकारी कंपनीत गेली. काडतुसावरचं नाव तेच राहिलं, ते बघून बरं वाटलं.

शाखेत रोज सकाळी साडेनऊला मी सगळ्यांसमोर बंदूक जोडतो, मोडतो, उजेड दाखवतो. पहिल्या दिवशी कॅशियर बाई मागे सरकल्या होत्या. आता त्याच दुरून मान हलवतात. मग भरायची वेळ येते ती दाराच्या कोपऱ्यात, नळी जमिनीकडे, एकट्यानं.

२०२४ च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत लायसनच्या बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बँकेच्या गनमनना सूट मिळू शकते, पण त्यासाठी बँकेचं पत्र वेळेत जावं लागतं, आणि ते कुणाच्या तरी टेबलावर अडकलं. मी वेळ न घालवता पिशवी घेऊन ठाण्यात गेलो. बंदूक पिशवीतून काढून जोडली, कारण त्यांना नंबर आणि स्थिती बघायची होती. तरुण अंमलदार होता, माझ्या थोरल्या पुतण्याएवढा. त्यानं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "काका, भरलेली नाही ना?"

मी कमरेतून मोडून त्याच्या खिडकीकडे धरली. त्यानं दोन्ही नळ्यांतून बघितलं, एकदा डाव्या डोळ्यानं, एकदा उजव्या, मग वहीत नंबर लिहून घेतला आणि पावती फाडली. सव्वा महिना मी दारात काठी घेऊन उभा राहिलो. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, त्यानंतर आठवड्याभरानं बंदूक परत मिळाली. नळीत थोडी धूळ होती. घरी आल्यावर पिशवी टेबलावर ठेवली, तेल आणि गज काढला. बायको ओले हात पुसत आली आणि म्हणाली, "आधी दाखवा." मी नळ्या ट्यूबलाइटकडे धरल्या.